के-ड्रामा बघायचाय? मग स्टोरी सोडा, आधी हिरॉईन पकडा

दर पंधरा दिवसांनी कोणाचा तरी मेसेज येतोच, "अगं काहीतरी कोरियन सांग ना बघायला." आधी मी उत्साहाच्या भरात वीस नावांची यादी पाठवायचे, मग ती व्यक्ती यादीतलं पहिलं नाव लावायची, तिसऱ्या एपिसोडला पेंगायची आणि परत आपल्या रात्री साडेआठच्या मालिकेकडे. चूक माझीच होती म्हणा. वीस नावं बघून माणूस गोंधळणारच.

आता मी एकच सांगते. स्टोरी वाचू नका, रेटिंग बघू नका, हिरो तर अजिबात बघू नका (हो हो, माहितीये ह्यून बिन कसा दिसतो ते, तरीही नको). एक हिरॉईन निवडा आणि तिचे तीन ड्रामे बघा. पहिला तिचा सगळ्यात गाजलेला, दुसरा त्याच्या अगदी उलट्या जातीचा, आणि तिसरा जुना, ती अजून स्टार व्हायची होती किंवा नुकतीच झाली होती तेव्हाचा. तीन झाले की तुम्हाला ती बाई कळते, तिची निवड कळते, आणि मग पुढचं काय बघायचं ते मला विचारावं लागत नाही.

हिरॉईनच का, तर कोरियन ड्रामे लिहिणाऱ्यांमध्ये बायका खूप आहेत. पार्क जी-उन, किम उन-सुक, नो ही-ग्योंग, ही नावं तिथे नटांइतकीच चालतात. त्यामुळे बाईचं पात्र बहुतेक वेळा नीट विचार करून लिहिलेलं असतं, तिला नोकरी असते, पगाराची चिंता असते, आईशी भांडण असतं, दारू पिऊन रस्त्यावर तमाशा करायचीही सोय असते. हिरो पुष्कळदा उंच, श्रीमंत आणि लहानपणचं दुःख घेऊन फिरणारा, तो एका ड्राम्यातून उचलून दुसऱ्यात ठेवला तरी चालेल. हिरॉईनचं तसं करून बघा, जमणार नाही.

आता बसायच्या आधीची तयारी. हिंदी डब बंद करा. माझी आई डबच बघते आणि तिला मी काही बोलत नाही, तिचे डोळे दुखतात, पण तुमचे डोळे ठीक असतील तर कोरियन आवाज आणि खाली सबटायटल. कारण निम्मा अभिनय आवाजात असतो, आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, ते म्हणजे आपण मराठी लोक इंग्रजी सबटायटल लिहिणाऱ्यापेक्षा जास्त समजू शकतो.

कसं ते सांगते. कोरियनमध्ये आपल्यासारखंच तू आणि तुम्ही आहे, खरं तर त्याहून जास्त पायऱ्या आहेत. आदराने बोलायचं त्याला जोंदेमाल म्हणतात आणि सलगीचं ते बानमाल. दोन अनोळखी माणसं भेटली की एकमेकांचं वय विचारतात ना, ते भोचकपणा म्हणून नाही, कोणाला काय म्हणायचं ते ठरवायला. आणि मग सहाव्या-सातव्या एपिसोडला कधीतरी ती त्याला पहिल्यांदा तुम्हीवरून तू म्हणते, तिथे खाली इंग्रजीत फक्त काहीतरी साधं वाक्य येतं आणि परदेशातल्या प्रेक्षकाला पत्ता लागत नाही की आत्ता केवढी मोठी गोष्ट झाली. आपल्याला लागतो! कान फक्त वाक्याच्या शेवटाकडे ठेवायचा, आदराचं 'यो' ऐकू येत होतं ते अचानक गळलं की समजायचं.

नात्यांचंही तसंच. मुलगी मोठ्या बहिणीला किंवा मैत्रिणीला ऑन्नी म्हणते, म्हणजे ताई. मुलगा तिलाच नूना म्हणतो. आजुम्मा म्हणजे काकू, आणि पस्तिशीच्या बाईला कोणी आजुम्मा म्हटलं की तिचं तोंड जसं होतं तसंच आपलं भाजीवाल्याने काकू म्हटल्यावर होतं. नवरा-बायको एकमेकांना योबो म्हणतात, तो शब्द मुळात 'इकडे बघा' अशा अर्थाचा, म्हणजे आपलं 'अहो, ऐकलंत का' तिकडे दोघंही वापरतात. मुलांच्या आईला तिच्या नावाने हाक न मारता 'अमक्याची आई' म्हणतात. इंग्रजी सबटायटलात या सगळ्याच्या जागी नुसतं नाव येतं. वायकी (Viki) या साईटवर सबटायटलं चाहतेच हौसेने करतात, तिथे बऱ्याचदा ऑन्नी, ओप्पा (मुलीने म्हणायचं 'दादा') तसंच ठेवलेलं असतं, शक्य असेल तेव्हा तिथे बघा. आडनाव आधी येतं हेही लक्षात ठेवा, सोन ये-जिन या हिरॉईनच्या नावातलं सोन हे आडनाव आहे, आणि लग्नानंतर तिथे बायका आडनाव बदलत नाहीत.

आता प्रत्यक्ष करून दाखवते, सोन ये-जिनवरच. पहिला अर्थातच 'क्रॅश लँडिंग ऑन यू', २०१९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेला, १६ एपिसोड. श्रीमंत बाई पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि थेट उत्तर कोरियात जाऊन पडते, एवढं ऐकून हसायला येतं ना, मलाही आलं होतं. पण तिचं जेवण बघा. सुरुवातीला ही यून से-री कुठल्याही महागड्या हॉटेलात तीन घासांच्या वर खात नाही आणि हॉटेलवाले घाबरून असतात. मग त्या खेड्यात पेट्रोल पेटवून भाजलेले शिंपले समोर येतात, आधी नाक मुरडणं, मग एक, मग शिंपल्यातूनच सोजू ही तिकडची दारू, आणि मग ती थांबतच नाही. या बाईला आजवर भूक का लागत नव्हती ते कोणीही संवादातून सांगत नाही, ती नुसतं खाऊन सांगते. बाय द वे तिचं आणि ह्यून बिनचं २०२२ च्या मार्चमध्ये खरंच लग्न झालं, त्या दिवशी आमच्या ग्रुपवर घरचं कार्य असल्यासारखे मेसेज होते.

मग दुसरा, उलट्या जातीचा: 'समथिंग इन द रेन', २०१८. इथे ती कॉफी कंपनीत नोकरी करणारी, पस्तिशीची, मैत्रिणीच्या धाकट्या भावाच्या प्रेमात पडलेली. कोरियन नाव माहितीये? 'छान जेवू घालणारी देखणी ताई'. खरंच! ताई म्हणजे तीच नूना. पण हा ड्रामा प्रेमापेक्षा तिच्या ऑफिससाठी बघा. ऑफिसच्या पार्टीत साहेबांच्या शेजारी बसायचं, मांस भाजून त्यांच्या ताटात वाढायचं, अंगचटीला आले तरी हसायचं, आणि ती हसते, आणि हळूहळू ते हसू बंद होत जातं. शेवटचे एपिसोड मला पटले नाहीत, ती अशी का वागते म्हणून मी उशी फेकली होती, पण तिच्या चेहऱ्यासाठी मी तो परत बघेन. तिसरं म्हणजे जुनं, इथे मी ड्राम्याऐवजी सिनेमा सुचवते, २००३ चा 'द क्लासिक'. आई आणि मुलगी दोन्ही तीच. हे तीन बघितलेत की सोन ये-जिन झाली.

हीच पद्धत बाकीच्यांना लावायची, पण कोणती हिरॉईन निवडायची ते तुमच्या स्वभावावर आहे.

हसायचं असेल, मन हलकं व्हायला हवं असेल तर पार्क उन-बिन. 'एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू' २०२२ मध्ये एका छोट्या चॅनेलवर लागला, पहिल्या एपिसोडचं रेटिंग १ टक्क्यालाही पोचलं नव्हतं आणि शेवटच्याचं १७ च्या वर गेलं, सगळं तोंडी प्रसिद्धीवर. ऑटिझम असलेली वकील, देवमाशांचं वेड, जेवायला फक्त किम्बाप (भाताचे रोल) कारण त्यात काय काय घातलंय ते कापल्यावर दिसतं. ती स्वतःची ओळख करून देताना सांगते की माझं नाव सरळ वाचा नाहीतर उलटं वाचा, सारखंच, वू योंग-वू. आपलं 'चिमा काय कामाची' आठवलं मला लगेच. दुसरा तिचा 'द किंग्ज अफेक्शन', २०२१, तिथे ती पुरुष बनून राजपद सांभाळते, आवाज खाली, पाठ ताठ, वू योंग-वूची बोटं आणि तुरुतुरु चाल आठवून बघाल तर ही तीच बाई आहे यावर विश्वास बसत नाही. त्या ड्राम्याला २०२२ चं इंटरनॅशनल एमी पारितोषिक मिळालं. तिसरा 'स्टोव्ह लीग', बेसबॉल टीमच्या ऑफिसमधलं राजकारण, प्रेमप्रकरण शून्य, आणि बेसबॉलचं ओ की ठो कळत नसलं तरी चालतं, मला अजूनही कळत नाही.

अंगावर काटा हवा असेल तर किम ते-री. तिचा 'ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन' सगळ्यांना आवडतो, १९९८ सालचं आर्थिक संकट, शाळेची तलवारबाजीची टीम बंद पडते आणि ही पोरगी हट्टाने दुसऱ्या शाळेत जाते. तीस ओलांडलेली बाई शाळकरी मुलगी करतेय हे दहा मिनिटांत विसरायला होतं. 'मिस्टर सनशाईन' त्याच्या उलट, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा काळ, खानदानी घरातली मुलगी रात्री बंदूक घेऊन छपरांवरून पळते, २४ एपिसोड आहेत आणि पहिले दोन जरा जड आहेत, सोडू नका. पण मराठी माणसाने तिचं खरं बघायचं ते 'जोंगन्योन', २०२४, फक्त १२ एपिसोड. मोक्पोच्या बाजारात मासे विकणारी गळ्याची पक्की मुलगी सोलला जाऊन नाटक कंपनीत शिरते. १९५० च्या दशकातली ही सगळी बायकांची संगीत नाटकं, राजपुत्र, सेनापती, खलनायक सगळं बायकाच करायच्या आणि पब्लिक त्यांच्यामागे वेडं. आपल्याकडे बालगंधर्वांचं लुगडं नेसणं बघून बायका तशा नेसायला लागल्या, तिकडे बरोबर उलटं. मेकअपच्या आरशासमोरची भांडणं, मुख्य भूमिका कोणाला, तालमीत आवाज फुटणं, हे बघताना मी कोरियात नव्हतेच, मी कुठल्यातरी मराठी नाटक मंडळीच्या बिऱ्हाडी होते. यासाठी किम ते-री काही वर्षं पानसोरी, म्हणजे तिकडचं पारंपरिक कथागायन, शिकली, आणि ते ऐकू येतं. हे डबमध्ये बघितलंत तर माझ्याशी बोलू नका.

रडायचं असेल तर आययू. ही मुळात गायिका, खरं नाव ली जी-उन, आणि गायिका अभिनय करते म्हटल्यावर मी नाक मुरडलं होतं. मग 'माय मिस्टर' बघितला. २०१८ चा, कोरियन नाव सरळ 'माझे काका' असं आहे. ऑफिसमधले कॉफीचे सॅशे चोरून घरी नेणारी, एका कपात दोन सॅशे ओतून तेच रात्रीचं जेवण समजणारी मुलगी, घरी ऐकू न येणारी आजी. आजीला चंद्र बघायचाय म्हणून ती दुकानातल्या सामानाच्या ट्रॉलीत आजीला बसवून चढावरून ढकलत नेते. त्या सीनमध्ये आययू काहीच करत नाही, रडत नाही, हसत पण नाही नीट, आणि मी मात्र रात्री दीड वाजता तोंडात पदर, सॉरी, ओढणी कोंबून रडत होते. पहिले चार एपिसोड काळोखे आहेत, तेवढे काढा. मग तोंड गोड करायला 'होटेल डेल लुना', भुतांचं हॉटेल आणि तिची मालकीण, दर सीनला नवा ड्रेस, अभिनयापेक्षा कपड्यांचं कौतुक जास्त झालं पण मज्जा येते.

आणि मग २०२५ च्या मार्चमधला 'व्हेन लाईफ गिव्ह्ज यू टँजरीन्स'. इथे माझा तीनचा नियम मोडतो, हा शेवटीच बघा, आययूचे दोन झाल्यावर. जेजू बेटावरची ए-सुन, तिला कवयित्री व्हायचंय, आणि तिची आई समुद्रात बुडी मारून शिंपले, अ‍ॅबलोनी काढणारी हेन्यो. लहान ए-सुन कविता लिहिते, त्या अ‍ॅबलोनीवर रागावून, ज्या रोज तिच्या आईला पाण्यात अडकवून ठेवतात. बस्स, तिथेच मी संपले, तो पहिलाच एपिसोड होता. आययू तरुण ए-सुनही करते आणि पुढे तिची मुलगी गम-म्योंगही. एकच चेहरा, पण आई बोलते तेव्हा हनुवटी वर आणि मुलगी बोलते तेव्हा अपराधी डोळे, कारण आपल्या शिक्षणासाठी घरच्यांनी काय काय विकलं ते तिला माहितीये. कोरियन नाव जेजूच्या बोलीत आहे, अर्थ साधारण 'खूप कष्ट काढलेत हो' असा, आणि सोलच्या माणसाला तेच ऐकून 'पार फसलात' असं वाटू शकतं. म्हणजे कोणी अहिराणीत किंवा मालवणीत मालिकेचं नाव ठेवावं आणि पुणेकरांनी उलटाच अर्थ काढावा. दर आठवड्याला ४ असे १६ एपिसोड आले होते आणि ते चार-चारच बघायचे, एका बैठकीत सगळे नको, डोकं दुखतं रडून.

घरात आई, मावशी, सासूबाई असतील तर वरच्या पोरींपासून सुरू करू नका. त्यांना २०२३ चा 'डॉक्टर चा' लावून द्या. वीस वर्षं घर सांभाळलेली डॉक्टर बाई परत रेसिडेन्सीला जाते, त्याच हॉस्पिटलात नवरा मोठा सर्जन आणि त्याचं बाहेर लफडं. ओम जोंग-ह्वा त्यात इतकी मोकळी आहे की आमच्या आईने पहिल्यांदा नवऱ्याला नाही, टीव्हीला उद्देशून शिवी दिली. नाहीतर जॉन दो-यॉन, जिला २००७ मध्ये कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं, ती 'क्रॅश कोर्स इन रोमान्स'मध्ये डबे-भाज्यांचं दुकान चालवते आणि भाचीच्या गणिताच्या क्लाससाठी जीव काढते. लातूर पॅटर्न बघितलेल्या घरात हा ड्रामा विनोदी वाटत नाही. आणि आजी असेल, तर 'द लाईट इन युवर आईज', किम हे-जा, तेव्हा सत्तरी पार केलेली बाई, पंचविशीची मुलगी अचानक म्हातारी झालीय असं काम करते. याबद्दल कुठेही काही वाचू नका, मी पण यापुढे एक अक्षर सांगत नाहीये.

ज्यांना आपल्या मालिकांतलं कटकारस्थानच हवंय त्यांनाही सोय आहे, त्या प्रकाराला माकजांग म्हणतात. बदललेली बाळं, परत जिवंत होणारी माणसं, थोबाडीत. 'द पेंटहाऊस' लावा, किम सो-यॉन त्यात एवढी दुष्ट आहे की शेवटी तिचाच हेवा वाटतो, २०२१ ला तिला बेकसांग पुरस्कारही मिळाला त्यासाठी. बेकसांग म्हणजे तिकडचा मोठा पुरस्कार, पुढचं काय बघायचं ते सुचत नसेल तर त्याच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या नामांकनांवरून नजर फिरवा, फसायची शक्यता कमी.

आता एक व्यावहारिक गोष्ट, जी मला उशिरा कळली. एक एपिसोड ६० ते ७० मिनिटांचा, १६ म्हणजे साधारण अठरा तास. आणि प्रत्येक एपिसोडच्या शेवटच्या दोन मिनिटांत काहीतरी असं होतं की पुढचा लावावाच लागतो, लेखकांचं कामच ते. त्यामुळे एपिसोड संपल्यावर थांबायचा निश्चय करू नका, तो कोणाचाच टिकत नाही. चाळिसाव्या मिनिटाला थांबा, मध्येच, जिथे लोक रामयोन (नूडल्स) खात बसलेत किंवा ऑफिसात फाइली हलवतायत. तिथे बंद करणं सोपं जातं, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलायचं. हे कळायच्या आधी मी सलग तीन रात्री पहाटे चारपर्यंत जागून कल्याण लोकलमध्ये उभ्याने झोपले आहे, ठाणे गेलं, दादर गेलं, डोळे उघडले तर समोर शेवटचं स्टेशन.

कोरियाबाहेर जायचं असेल तर थोडक्यात. जपानी मालिका छोट्या, दहा-अकरा एपिसोडच्या, आरागाकी युईचा २०१६ चा 'वुई मॅरीड अ‍ॅज अ जॉब' तिथे सुरुवातीला बरा. चिनी मालिका मात्र लांबलचक असतात, सुन लीचा 'एम्प्रेसेस इन द पॅलेस' ७६ एपिसोडचा आहे आणि एकही वाया नाही. पण चिनी बघताना एक गंमत माहीत असू द्या, तिथे खूपदा हिरॉईनचा आवाज तिचा नसतोच, डबिंग कलाकाराचा असतो. या मालिकेतल्या झेन हुआनचा तो थंड आवाजही सुन लीचा नाही, जी ग्वानलिन नावाच्या बाईचा आहे. हे कळल्यावर मला आधी फसवल्यासारखं वाटलं, मग मी दोघींचीही फॅन झाले.

आणि कोणी म्हटलं की हे सगळं आत्ताचं खूळ आहे, तर त्यांना आठवण करून द्या की आपल्या दूरदर्शनवर 'दे जांग गम' हिंदीत लागून गेलाय. २००३ चा, ५४ एपिसोड, ली योंग-ए. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली छोटी मुलगी, तिला विचारतात की पदार्थात पिकलेलं पर्सिमन हे फळ घातलंय हे तू कशावरून ओळखलंस, आणि ती गोंधळून म्हणते, तशी चव लागली म्हणून म्हटलं, कशावरून म्हणजे काय.

तिसरा ड्रामा संपल्यावर पुढे कोणाला पकडायचं? हिरॉईनच्या मागे बघा. तिची आई, बॉस, शेजारीण करणाऱ्या बायका बघा, कारण त्याच चार-पाच जणी सगळीकडे असतात. येओम हे-रान हे नाव लिहून ठेवा. 'गॉब्लिन'मधली ती छळणारी मावशी, 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स'मधली नवऱ्याला वाकवणारी वकीलीण, 'द ग्लोरी'मधली मार खाऊनही हसणारी बाई, आणि टँजरीन्समधली ती समुद्रात बुडी मारणारी आई, सगळी तीच. मी आईला हे मुद्दाम सांगितलं नव्हतं. टँजरीन्सचा पहिला एपिसोड चालू होता, किनाऱ्यावर बायका ओल्या अंगाने शेकत बसलेल्या, आणि आई मटार सोलता सोलता एकदम म्हणाली, "अगं ही ती वकीलीण ना गं? एवढी कशी वाळली बिचारी?"